गल्ल्यातला पैसा कुणाचा?

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याचे दिवस आले की शाळेत पालकांची ये-जा वाढते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक हे रकाने भराभर भरले जातात. पेन अडते ते 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' या रकान्यापाशी. नोकरदार पालक पगाराचा दाखला पुढे करतो. ज्याची बेकरी आहे, शिलाईचे दुकान आहे, फळांची गाडी किंवा पंक्चरचा ठेला आहे, तो मात्र विचारात पडतो. "सर, आमचं काय सांगायचं? रोज येतात, रोज जातात. तुम्हीच टाका काहीतरी." यात लपवाछपवी नसते. वीस-वीस वर्षे सकाळी शटर उघडणाऱ्या आणि रात्री दहाला बंद करणाऱ्या माणसाला आपण महिन्याला नेमके किती कमावतो हे खरोखरच ठाऊक नसते.

आपल्या समाजात नोकरीपेक्षा धंद्यावर जगणारी घरे पुष्कळ आहेत. बागवान, आतार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार, मण्यार ही आडनावेच कधीकाळच्या व्यवसायांची आहेत. हिशेबाची मराठी भाषासुद्धा आपल्याला परकी नाही. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा, गल्ला हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. शब्द घरचे आहेत, सवय मात्र सुटली आहे.

या लेखात मोठ्या उद्योगाचे व्यवस्थापन सांगायचे नाही. दुकान बंद करताना रोज दहा मिनिटे देऊन, एका साध्या वहीत, लहान धंद्याचा हिशेब कसा ठेवावा आणि तो न ठेवल्यास कुणाचे नुकसान होते, एवढेच पाहू.

नफा किती, गल्ल्यात किती

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातले बांगड्या आणि कटलरीचे एक दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकानदार, एक अर्धवेळ मदतनीस आणि आठवडी बाजाराला लावायचे एक पाल. आकडे कल्पित आहेत, पण अशा दुकानात सहज दिसतील असेच आहेत.

महिन्याभरात रोख विक्री झाली ४८,००० रुपयांची. मोबाईलवर, म्हणजे यूपीआयने, आले २२,०००. मागच्या उधारीपैकी ५,००० वसूल झाले. हातात आले एकूण ७५,०००. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला ४०,००० दिले. भाडे, वीज, वाहतूक, बाजाराची पावती, मदतनिसाचा पगार आणि चहापाणी यांवर १२,००० गेले. उरले २३,०००. त्यातले १८,००० त्याने घरी नेले, ५,००० गल्ल्यात ठेवले. महिना चांगला गेला असे त्याला वाटले.

आता हाच महिना वहीत मांडू. रोख ४८,०००, यूपीआय २२,००० आणि उधारीवर दिलेला माल ८,००० मिळून या महिन्याची विक्री ७८,००० झाली. मागच्या उधारीचे वसूल झालेले ५,००० यात धरायचे नाहीत, कारण ती विक्री मागेच झालेली आहे.

विकलेला माल किती रुपयांचा होता? महिन्याच्या सुरुवातीला दुकानात खरेदी किमतीने १,४०,००० चा माल होता. महिन्यात ६०,००० चा नवा माल आला. महिनाअखेर मोजला तेव्हा १,४६,००० चा माल शिल्लक होता. १,४०,००० अधिक ६०,००० वजा १,४६,००० म्हणजे ५४,००० चा माल गेला. काचेच्या बांगड्यांची फूटही यातच आली.

विक्री ७८,०००, मालाची किंमत ५४,०००. ढोबळ नफा २४,०००. त्यातून खर्च १२,००० वजा केला की निव्वळ नफा १२,००० रुपये.

नफा १२,००० आणि घरी नेले १८,०००. वरचे ६,००० कुठून आले? उत्तर सोपे आहे. माल ६०,००० चा घेतला आणि घाऊक व्यापाऱ्याला ४०,०००च दिले. त्याचे २०,००० थकले आहेत. दुकानदाराच्या घरात या महिन्यात जे शिजले त्यातले ६,००० रुपयांचे त्या व्यापाऱ्याच्या पैशातून शिजले, आणि हे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही.

असे बारा महिने चालले तर ७२,००० रुपयांचा खड्डा पडतो. तो दिसतो तेव्हा बहुधा ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर, व्यापारी म्हणतो, "पहिलं खातं मिटवा भाई, मग नवा माल उचला." हंगाम समोर असतो आणि फळ्या रिकाम्या. लोक म्हणतात, धंद्याला नजर लागली, बरकत गेली. बरकत देणारा अल्लाह आहे यात शंका नाही. पण या दुकानातून काय गेले ते वजाबाकी करून सांगता येते.

म्हणून पहिला धडा हा की गल्ल्यातला सगळा पैसा दुकानदाराचा नसतो. त्यात घाऊक व्यापाऱ्याचा पैसा असतो, घरमालकाचे भाडे असते, मदतनिसाचा पगार असतो. कधी बायकोच्या दागिन्यांची रक्कम, भावाचा हिस्सा आणि गरिबाची जकातही असते. हे सगळे बाजूला काढल्यावर उरते ते आपले. वही लिहायची ती हे वेगळे करण्यासाठी.

तीन वह्या पुरतात

पहिली वही रोजकीर्दीची. पानाच्या डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. एका दिवसाचा नमुना पाहा. सकाळची शिल्लक २,०००, रोख विक्री १,९५०, उधारी वसूल ४००. जमा बाजूची बेरीज ४,३५०. व्यापाऱ्याला दिले १,५००, हमाली आणि चहा १२०, घरी दिले ५००. खर्च बाजूची बेरीज २,१२०. शिल्लक २,२३० हवी. आता गल्ला मोजा. समजा २,१८० भरले. ५० कमी आहेत. इथे आकडा जुळवून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. 'तूट ५०' असे स्वच्छ लिहावे आणि दुसऱ्या दिवशी २,१८० पासून सुरुवात करावी. महिनाभर रोज तूटच येत असेल तर कुठेतरी गळती आहे हे कळेल. जुळवलेल्या वहीतून ते कधीच कळणार नाही.

यूपीआयचे पैसे त्याच पानावर खाली वेगळ्या ओळीत लिहावेत, कारण ते गल्ल्यात नसतात, बँकेत असतात. दुकानाचे बँक खाते आणि क्यूआर कोड घरच्या खात्यापासून वेगळे ठेवावेत. अनेक दुकानांत कोड मुलाच्या नावाचा असतो. त्याच खात्यातून त्याचा मोबाईल रिचार्ज होतो, मित्रांचे पैसे येतात-जातात. मग महिनाअखेर बँकेचा उतारा काढला तरी धंद्याचे किती आणि मुलाचे किती, हे सांगता येत नाही.

दुसरी वही खतावणीची. ज्यांच्याशी उधारीचा व्यवहार आहे त्या प्रत्येकाला एक पान. पुढच्या बाजूने गिऱ्हाइके, मागच्या बाजूने घाऊक व्यापारी. महिन्यातून एकदा व्यापाऱ्याचे खाते त्याच्या वहीशी ताडून पाहावे. बिल मागायला संकोच करू नये. तोंडी हिशेबात दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि तरी आकडे वेगळे निघू शकतात.

तिसरी वही मालाची. रोज लिहिण्याची गरज नाही. माल आला की बिलाची तारीख आणि रक्कम टाकावी. सगळा माल दर महिन्याला मोजणे जमत नसेल तर निदान तीन महिन्यांतून एकदा, एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून मोजावा. मुलांना गुणाकाराचा याहून चांगला सराव कुठे मिळणार? जो माल वर्षभर हललाच नाही त्याची वेगळी यादी करावी. जुन्या फॅशनच्या बांगड्यांचा खोका फळीवर मालमत्तेसारखा दिसतो, पण तो अडकून पडलेला पैसा असतो. कमी भावात काढून ती रक्कम चालणाऱ्या मालात घालणे शहाणपणाचे.

घरात कुणी अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत असेल तर 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' हा विषय त्याला असतोच. खतावणी आणि ताळेबंद तो परीक्षेसाठी शिकतो आणि घरचे दुकान वहीविना चालते. त्याला आठवड्यातून एकदा वही तपासायला सांगा. त्याचा अभ्यास होईल आणि तुमचे काम.

घराची उचल ठरलेली हवी

आपल्याकडे दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत नसते. दूधवाला आला, गल्ल्यातून द्या. पाहुणे आले, गल्ल्यातून मटण आणा. बहिणीच्या घरी अकीका आहे, गल्ला उघडा. यातला कोणताही खर्च चुकीचा नाही. चुकते ते एवढेच की तो कुठे लिहिला जात नाही आणि म्हणून धंदा किती झेपवू शकतो हे कळत नाही.

उपाय असा. मागच्या तीन महिन्यांचा निव्वळ नफा काढा. त्याहून थोडी कमी रक्कम घरखर्चासाठी ठरवा. वरच्या दुकानात नफा १२,००० असेल तर १०,००० ठरवा. ही रक्कम घर चालवणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला किंवा आठवड्याला एकरकमी द्या आणि वहीत 'घरी उचल' असे लिहा. त्यापुढे दूध, भाजी, गॅस या रकमेतून. दहा हजारांत घर भागत नसेल तर ते पहिल्याच महिन्यात स्पष्ट होईल. मग धंदा वाढवायचा, खर्च कमी करायचा की घरात दुसरी कमाई शोधायची, यावर दोघांना बसून बोलता येईल. गल्ल्यातून सुटे पैसे येत राहिले तर हे बोलणे कधी होतच नाही.

भिशीचेही असेच. दर महिन्याला गल्ल्यातून २,००० भिशीत गेले तर तो खर्च नाही, बाहेर ठेवलेला पैसा आहे. आपला नंबर लागून २४,००० आले तर ते उत्पन्न नाही. त्यातले काही आपलेच भरलेले आहेत आणि उरलेले पुढच्या हप्त्यांत फेडायचे आहेत. भिशी लागली की दुकान चांगले चालले असे समजून खर्च करणारी घरे पुढचे हप्ते भरताना घायकुतीला येतात. भिशीला खतावणीत स्वतंत्र पान द्यावे.

उधारी लिहिताना संकोच कसला?

दुकानदाराची खरी अडचण उधारीची. गिऱ्हाईक ओळखीचे, बहुतेक नात्यातले. लिहायला वही काढली की समोरच्याचा चेहरा बदलतो.

"इतकुशासाठी लिहितोस? मी काय पळून चालले?"

"पळून जायची गोष्ट नाही खाला. मीच विसरतो, म्हणून लिहितो. तुम्हीच सांगा किती झाले ते."

या उत्तरातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणती, असे विचारले तर सूरह बकरामधील २८२ वी हे अनेकांना सांगता येते. तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आहे हे मात्र कमी जणांच्या लक्षात असते. मुदत ठरवावी, लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तिच्यात आहे. आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे देणेकऱ्याने स्वतः आकडा उच्चारायचा. आकडा त्याच्याच तोंडून आला की पुढे 'मी इतके घेतलेच नव्हते' म्हणायला जागा उरत नाही आणि लिहिणाऱ्यावर संशयही येत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. धंद्यात नियमितपणे लिहिलेली वही न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येते, पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कुणावर देणे लादता येत नाही, तिला दुसरा आधार लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. म्हणून नोंदीपुढे गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घ्यावा. तेही अवघड वाटत असेल तर त्याच्या मोबाईलवर लगेच संदेश पाठवावा: 'आज तारीख अमुक, बाकी ८५०.' त्याने 'बरोबर' एवढे उत्तर दिले तरी तो आधार होतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाचे पैसे मागण्यासाठी न्यायालयात जायचे तर ते साधारणपणे माल दिल्यापासून, किंवा ठरलेली मुदत संपल्यापासून, ३ वर्षांच्या आत जावे लागते. या काळात देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे लिहून सही केली तर ३ वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. ८५० रुपयांसाठी कुणी कोर्टात जात नाही, जाऊही नये. पण लग्नाच्या बस्त्यात पंधरा-वीस हजारांचा माल उधारीवर जातो तेव्हा हे ठाऊक असावे. वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या खात्यावर 'बाकी मान्य' असे लिहून सही घ्यावी.

आणि जो खरोखरच अडचणीत आहे त्याला मुदत वाढवून द्यावी, शक्य असेल तर सोडून द्यावे. सोडलेली रक्कमही वहीत 'माफ' म्हणून लिहावी. किती सोडले हे माहीत असेल तर पुढच्या वेळी किती सोडणे परवडेल हेही कळते.

बायकोचे दागिने कोणत्या खात्यात?

आता ज्या पानासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्या पानाकडे येऊ. ते बहुतेक वह्यांत नसतेच.

लहान धंद्याचे भांडवल कुठून येते? वडिलांनी थोडे दिले, मामूंनी थोडे दिले आणि बायकोच्या बांगड्या विकल्या. समजा बांगड्यांचे ८०,००० आले आणि दुकान उभे राहिले. ते ८०,००० नवऱ्याला भेट म्हणून दिले, कर्ज म्हणून दिले की धंद्यातला हिस्सा म्हणून दिले? त्या दिवशी दोघांच्याही मनात हा प्रश्न येत नाही. संसार एकच आहे, लिहायचे कशाला?

शरीअतनुसार बाईला मिळालेला मेहर आणि तिच्या मालकीचे दागिने तिचेच असतात. लग्नाने ते नवऱ्याचे होत नाहीत. म्हणून या रकमेला नाव हवे. भेट असेल तर हिबा, परत करायची असेल तर कर्जे-हसना, नफ्या-तोट्यात वाटा असेल तर भागीदारी. तिन्ही चालतात. नाव नसणे चालत नाही.

का, ते एका हिशेबावरून पाहू. नवऱ्याचे निधन झाले. सर्व मिळून मालमत्ता ४,००,००० ची आहे. मुले आहेत, तेव्हा पत्नीचा वारसा हिस्सा एक अष्टमांश. ८०,००० चे काही लिहिलेले नाही. तिला मिळतील ५०,०००. आता वहीच्या पहिल्या पानावर 'पत्नीकडून कर्जे-हसना ८०,०००' असे तारखेसह, सहीसह लिहिलेले आहे असे समजा. वाटणीचा क्रम ठरलेला आहे: आधी दफनविधीचा खर्च, मग देणी, मग मर्यादेतली वसीयत आणि मग वारसांचे हिस्से. इतर गोष्टी बाजूला ठेवल्या तरी तिचे ८०,००० आधी निघतील. उरलेल्या ३,२०,००० चा आठवा भाग ४०,०००. तिला मिळतील १,२०,०००. एका ओळीने ७०,००० रुपयांचा फरक पडला, आणि हा पैसा तिला कुणी दयेने दिलेला नाही, तो तिचाच होता. मेहर बाकी असेल तर तेही असेच देणे आहे, वाटणीआधी द्यायचे.

सोने विकून रुपये दिले की सोनेच दिले, हेही लिहावे. परत काय करायचे, रुपये की तेवढ्या वजनाचे सोने, यावर पुढे वाद होतात. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला हे आपण पाहतोच आहोत.

कर्जाबाबत कायद्याची एक गोष्ट नात्यातल्या व्यवहारांत हमखास विसरली जाते. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. मामूंनी दिलेले ५०,००० सुद्धा बँकेतून खात्यावर घ्यावेत. त्यामुळे नोंदही आपोआप होते.

भाऊ नोकर की भागीदार?

वडिलांचे दुकान. थोरला शिकून बाहेर नोकरीला गेला. धाकटा सोळाव्या वर्षापासून गल्ल्यावर बसला. पगार ठरला नाही, हिस्सा ठरला नाही. 'सगळं तुझंच आहे' असे अब्बा म्हणत राहिले. अब्बा गेले आणि चार भावंडे बसली. धाकटा म्हणतो, दुकान मी वाढवले. थोरला म्हणतो, दुकान अब्बांचे. बहिणी गप्प बसतात, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही भीती.

मुस्लिम वैयक्तिक कायद्यात एकत्र कुटुंबाची जन्मसिद्ध सामाईक मिळकत असा प्रकार नाही. वडिलांच्या हयातीत दुकान वडिलांचे आणि त्यांच्यानंतर सर्व वारसांचे, मुलींसह. धाकट्याने वीस वर्षे राबून घातलेली भर खरी असली तरी ती कुठे लिहिलेली नसेल तर मोजायची कशी? त्याच्यावर अन्याय होतो, किंवा त्याने दुकान दाबून धरले तर बहिणींवर होतो.

यावर उपाय वडिलांच्या हयातीतच आहे. मुलाला पगार द्यायचा असेल तर रोजकीर्दीत दर महिन्याला पगार लिहा. भागीदार करायचे असेल तर करारनामा करा. भांडवल कुणाचे किती, नफ्याचे प्रमाण काय, काम करणाऱ्याला वेगळा मोबदला आहे का, कुणी बाहेर पडला किंवा वारला तर हिशेब कसा करायचा, एवढे त्यात असावे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात काही ठरवलेले नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही आणि भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. एका भावाने दिवसभर दुकान चालवायचे आणि दुसऱ्याने फक्त पैसे घातले असतील तर हे समान वाटप दोघांनाही टोचेल. करारात हवे तसे प्रमाण आधीच लिहून घ्यावे.

जकात आणि कर

रमजान आला की अनेक दुकानदार अंदाजाने एक रक्कम जकात म्हणून काढतात. वही असेल तर अंदाजाची गरज राहत नाही. चांद्र वर्षातली एक तारीख ठरवा, समजा १ रमजान. त्या दिवशी विक्रीचा माल बाजारभावाने मोजा. तो १,९०,००० भरला. गल्ल्यात ५,०००, बँकेत १२,०००, येणारी खात्रीची उधारी २३,०००. एकूण २,३०,०००. व्यापाऱ्यांची देणी ५०,००० वजा केली तर १,८०,०००. ही रक्कम निसाबपेक्षा अधिक असेल तर अडीच टक्क्यांनी जकात ४,५०० रुपये. काउंटर, फळ्या, पंखा ही विक्रीची वस्तू नाही, म्हणून ती धरली जात नाही. देणी वजा करावीत की नाही, यावर हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, म्हणून कोकणातले शाफई घर आणि देशावरचे हनफी घर यांचा आकडा वेगळा येऊ शकतो. आपल्या आलिमांना विचारावे. पण त्यांना विचारायला जाताना हातात आकडे हवेत, आणि ते वहीतच असतात.

सरकारी करांची भीती अनेकांना वही लिहू देत नाही. ती बहुतांशी अनाठायी आहे. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांपुढे. आपल्या उदाहरणातल्या दुकानाची वर्षाची विक्री साडेनऊ लाखांच्या आत आहे. आयकरातही लहान व्यापाऱ्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येते, सविस्तर हिशेबाच्या पुस्तकांची सक्ती राहत नाही. हे ऐकून काही जण वही बंद करतात. आयकर खात्याने सूट दिली म्हणून व्यापारी, पत्नी आणि भाऊ यांचा हिशेब माफ होत नाही. शिवाय विवरणपत्रांची दोन-तीन वर्षांची पाने हातात असली की मुलाचा फॉर्म भरताना, दुकान भाड्याने घेताना किंवा एखाद्या भागीदाराला धंदा दाखवताना त्यांचा उपयोग होतो.

आज रात्रीपासून

वही सुरू करायला १ एप्रिल किंवा मुहर्रमची वाट पाहू नका. शंभर पानी साधी वही आणा. पहिल्या पानावर आजची तारीख घालून पाच ओळी लिहा: गल्ल्यात आणि बँकेत किती, माल अंदाजे किती रुपयांचा, येणे किती, व्यापाऱ्यांचे देणे किती आणि घरच्या माणसांनी, विशेषतः पत्नीने, या धंद्यात किती घातले व कोणत्या नावाने.

पाचवी ओळ एकट्याने लिहू नका. जेवणे झाल्यावर पत्नीला शेजारी बसवा. रक्कम तिला सांगू द्या, तुम्ही लिहा, आणि खाली दोघेही सही करा. रोजकीर्द उद्या सकाळच्या शिल्लकेपासून सुरू करता येईल.